इंग्रजीतलं गाऱ्हाणं

गौरजा घाडी या बाईंविषयी लिहायचं तर राग आवरून लिहिता येणार नाही, आणि मला तो आवरायचाही नाही. तळेऱ्याहून देवगडकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमची दोन शिक्षकांची शाळा आहे. मी मुख्याध्यापक आणि दुसऱ्या गौरजाबाई.

तिसरी-चौथीच्या मुलांना इंग्रजी शब्द पाठ होत, पण तोंडातून बाहेर पडत नसत. बाईंचे वडील गंगाराम गावच्या देवळात गाऱ्हाणं घालतात. एकाने देवाला मोठ्याने साकडं घालायचं आणि जमलेल्यांनी वाक्यावाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, हे इथल्या पोरांना कुणी शिकवावं लागत नाही. बाईंनी तेच वर्गात आणलं. एका मुलाने पुढे येऊन हात जोडायचे आणि इंग्रजीत एक वाक्य टाकायचं, ‘धिस इज अ कोकोनट!’ खरं असेल तर वर्ग ओरडणार, ‘येस, महाराजा!’ खोटं असेल तर, ‘नो, महाराजा!’ खेळात देवाचं नाव घ्यायचं नाही एवढी एकच अट गंगारामांनी घातली, आणि स्वतः वर्गात येऊन पोटातून आवाज कसा काढायचा ते दाखवून गेले.

आनंदी नावाची मुलगी बोलताना अडखळायची, म्हणून ती बोलतच नसे. दोन वर्षांत मी तिचा आवाज ऐकला नव्हता. एके दिवशी ती आपणहून पुढे आली आणि गाऱ्हाण्याच्या चालीत, कुठेही न अडखळता, खेकड्याला दहा पाय असतात हे तिने इंग्रजीत सांगितलं. वर्गाने होकार दिला. मग तिला खाली बसवणंच कठीण झालं. बाई फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या, त्यांना रडू आवरत नव्हतं.

नंतर तपासणीचे साहेब आले. त्या आठवड्यात हॅपी, सॅड, अँग्री हे शब्द चालू होते. उन्हाने वैतागलेले साहेब कपाळाला आठ्या घालून वर्गापुढे उभे राहिले, त्यांनी नमस्काराला हात जोडले आणि ते म्हणाले, ‘आय अ‍ॅम व्हेरी हॅपी.’ मुलांनी त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि एका सुरात सांगितलं, ‘नो, महाराजा!’

यात मुलांचं काय चुकलं? साहेबांना मात्र तो अपमान वाटला. शेरेबुकात त्यांनी लिहिलं की धार्मिक विधीची टिंगल चालते, खेळ तात्काळ बंद करावा. ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या गाऱ्हाणं आहे तो माणूस येऊन शिकवून गेला, आणि टिंगल कशाला म्हणायचं हे ठरवणार हे गृहस्थ!

बाईंचा आवाज चढला नाही. त्या म्हणाल्या, “साहेब, मुलांनी ऐकलं, समजून घेतलं आणि उत्तर दिलं. यापेक्षा जास्त इंग्रजी मला शिकवता येत नाही.” साहेबांनी शेरेबुक माझ्यापुढे सरकवलं. शेरा मान्य असेल तर सही करा, नसेल तर कारण लिहा, असं ते म्हणाले. ते कारण माझ्यासमोर वर्गात बसलं होतं, दोन वेण्या घालून: आनंदी. पण माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत. मी सही केली. साहेबांचा राग येतोच, पण या हाताचा जास्त येतो.

खेळ बंद झाला. साहेबांनी पाठवलेली चित्रकार्डं मुलं उलटसुलट करून बघत आणि गप्प बसत.

पाचव्या दिवशी आनंदीची आई नर्मदा तिला घेऊन शाळेत आली. मी व्हरांड्यातच होतो, पण ती थेट बाईंकडे गेली. “बाई, चेडू घराकडे रोज इंग्रजीत गाऱ्हाणा घाली,” लेकीकडे बोट दाखवत ती म्हणाली. “आता चार दिस तोंडातून शबुद नाय. काय झाला शाळेत?”

बाईंनी तिला खुर्ची दिली. मग माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, “ह्येंका इचार. सही ह्येंची आसा.”

नर्मदा माझ्याकडे वळली.