प्रमाणपत्राची वरची ओळ

लॅमिनेशनचं यंत्र तापलं, की गरम प्लॅस्टिकचा वास सुटतो आणि मला परभणीकडच्या एका तुरुंगाचं फाटक आठवतं. कैद्यांसाठी शिक्षणाचे आणि हातच्या कामाचे वर्ग कसे चालवावेत, हे तिथल्या अधिकाऱ्यांना शिकवायला मी जायचो. सुटताना प्रत्येकाला प्रमाणपत्र द्या, वर तुरुंगाचं नाव ठळक घाला, म्हणजे कागदाला वजन येतं, हे माझंच सांगणं. एका दुपारी फाटकाशी डोक्यावरचा पत्रा नुसता भाजत होता. राणीसावरगावकडचा, मेंढरं राखणारा एक माणूस सुटत होता. आत तो वाचायला आणि शिवायला शिकला होता. जेलरसाहेबांनी नुकतंच लॅमिनेट केलेलं, अजून कोमट असलेलं प्रमाणपत्र त्याच्या हातात दिलं. त्यानं बोट ठेवून वरची ओळ वाचली. मग म्हणाला, "सायब, जरा कातर मिळंल का?" शिवणवर्गातली कातर आली. तुरुंगाच्या नावाची ती ओळ त्यानं कापड बेततात तशी सरळ कापून काढली. "ह्ये नाव वाचून कोण काम देईल, सायब? खाली शिवणाचं लिवलंय, त्ये लय चांगलं हाय." जेलरसाहेब माझ्याकडे बघायला लागले. मी उगाच वहीची पानं उलटत राहिलो. पुढच्या प्रशिक्षणापासून ती ओळ मी काढायला लावली. आज मी झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेशनच्या यंत्रासमोर उभा आहे. यंत्रातून बाहेर येतंय ते त्या प्रशिक्षणासाठी मला मिळालेलं प्रशस्तिपत्र, आणि त्यावर सगळ्यात वर, सगळ्यात ठळक, त्याच तुरुंगाचं नाव आहे.