नॉईज शून्य

सीमाभागात काकतीजवळच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात चंदना मॅडम रेडिओवरून डेटा कसा जातो ते शिकवतात. लॅबमध्ये अँटेना वगैरे काही नाही. सगळं कॉम्प्युटरवर, सिम्युलेशनमध्ये. पोरं हुशार, पण आळशी. आलेख देखणा यावा म्हणून नॉईज, म्हणजे सिग्नलमधली खरखर, शून्य ठेवतात. मग मॅडम भडकतात.

"नॉईज न्हाय असं एक गाव दाखव मला," म्हणतात, आणि बोरगावच्या आपल्या वडिलांची गोष्ट सांगतात. नेमिनाथआप्पा फोनवर प्रत्येक गोष्ट दोनदा सांगतात, आधी मराठीत, मग कन्नडमध्ये. एक वाक्य खरखरीत हरवलं तरी दुसरं पोचतं. डेटाही असाच पुन्हा पाठवायचा असतो. हे मात्र पोरांच्या लगेच डोक्यात शिरतं.

परवा प्रॅक्टिकल संपल्यावर आप्पांचा फोन आला. मी लॅब असिस्टंट, शेजारी कॉम्प्युटर बंद करत होतो. आप्पा एवढ्या मोठ्यानं बोलत होते की मलाही सगळं ऐकू येत होतं, तेही दोनदा.

"आप्पा, आता लाईन चांगली असते. एकदा सांगितलं तरी कळतंय," मॅडम म्हणाल्या.

"काय?"

मॅडमनी तेच जोरात सांगितलं.

"तुला कळतंय गं. मलाच तुझं कळत न्हाय. ऐकाय कमी येतंय आता. मी दोनदा बोललो की तू बी दोनदा बोलशील, असं वाटायचं."

मॅडमनी फोन तोंडाजवळ धरला. मग मोठ्यानं म्हणाल्या, "जेवलासा का आप्पा?" आणि थोडं थांबून, तेच कन्नडमध्ये, "ऊट आय्ता, आप्पा?"