नळीतली दुसरी गोळी

ती घटना आठवते, एवढंच म्हणून भागणार नाही. मी ती चाळीस वर्षं लोकांना चुकीची सांगत आलो. निरोपाच्या सत्कारात सांगितली, नव्या फौजदारांच्या वर्गात सांगितली. आज खरी लिहितो.

आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली होती. निफाडच्या बाजूच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. द्राक्षं गोडीला आली की बागांवर पाखरांचे थवे उतरत. बाकीचे शेतकरी गोफण फिरवत, पत्र्याचे डबे बडवत. एक मोठा बागायतदार मात्र परवान्याचं पिस्तूल घेऊन हिंडायचा. एका सकाळी ते त्याच्या हातात फुटलं. दोन बोटं गेली, उजवा डोळा गेला.

दवाखान्यात त्याने जबाब दिला, "काडतुसं वस्तीवरच्या मिस्तरीनं भरलेली. मुद्दाम जास्त दारू भरली त्यानं. डूख धरून हाय माझ्यावर."

डूख कशाचा, हे आम्हाला ठाऊक होतं. बौद्ध वस्तीचा रस्ता बागायतदाराने तार ठोकून बंद केला होता. त्याविरुद्धचा मिस्तरीचा अर्ज आमच्याच कपाटात दोन महिने पडून होता. मी खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा नोंदवला आणि वरिष्ठांना फोनवर 'आरोपी निष्पन्न' असं कळवूनही टाकलं.

मिस्तरी पूर्वी लष्करात हत्यारं दुरुस्त करायचा. पन्नाशीचा, सडसडीत माणूस. नवी काडतुसं परवान्यावर मोजकीच मिळत, म्हणून परवानेवाले झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या त्याच्याकडे देत आणि तो त्यांत बंदुकीची दारू आणि गोळी पुन्हा भरून देई. काम बेकायदा होतं. तालुक्याला माहीत होतं, आम्हालाही होतं.

खबऱ्याने एसटी स्टँडवर गाठून सांगितलं, "चुलीमागच्या कोनाड्यात हाय समदं. आजच जा." गेलो. मिस्तरी पळाला नाही. त्यानेच डबा काढून पुढे ठेवला. बरोबर सोनाराचा तराजू, वजनासाठी वाटीभर गुंजा आणि दारूच्या कागदी पुड्या. पंचनाम्याचा मजकूर मी ठाण्यातच लिहून नेला होता. नेहमीच्या दोन पंचांनी न वाचता सह्या ठोकल्या.

चौकशीत त्याने पहिल्याच प्रश्नाला उत्तर दिलं.

"भरली, साहेब. गुन्हा आहे, माहितीये. त्याची शिक्षा द्या."

"जास्त भरलीस."

"नाही. भरली हे कबूल. जास्त भरली हे कबूल नाही."

"लय शाना हाय हा," हवालदार म्हणाला. "मिस्तरी, डागतरची फी घेत होतास का रं? नाडी बघून दारू देतो म्हनं!"

"नाडीच असते, हवालदारसाहेब," मिस्तरी शांतपणे म्हणाला. "प्रत्येक पिस्तुलाची वेगळी. जुनं असेल तर हलकं वजन. आधी कमीच भरायची, एक बार काढून पुंगळी बघायची, मग जरा वाढवायची. वजन ठरलं की तेवढ्या गुंजा वेगळ्या बांधून ठेवतो, प्रत्येकाच्या नावाने. नजरेने कधी भरली नाही."

हवालदाराने कमरेचा पट्टा सोडला. मी चहा प्यायला बाहेर गेलो. पोलीस खात्यात या चहाचा अर्थ सगळ्यांना कळतो.

परत आलो तेव्हा मिस्तरी भिंतीला टेकून बसला होता. ओठ फुटला होता. म्हणाला, "साहेब, एकच विचारतो. नळीच्या आत बघितलंत का? दारू कमी पडली तर गोळी बाहेर जात नाही, मधेच अडकते. वरून दुसरी झाडली की नळी फुटते. आत बघा."

मी मुद्देमालाचं पाकीट उघडून पिस्तूल खिडकीपाशी नेलं. चिरलेल्या नळीत दोन गोळ्या होत्या, एकीच्या पाठीला दुसरी चिकटलेली. पिस्तुलाबरोबर आणलेल्या बागायतदाराच्या डबीतलं उरलेलं एक काडतूस फोडलं. पुंगळीत तळाला दारू होती, चिमूटभर. गोळीवर पकडीचे ताजे ओरखडे होते.

मी थेट दवाखान्यात गेलो. बागायतदाराला एकट्याला गाठून विचारलं, "काडतुसातली दारू कुणी काढली?"

तो छताकडे बघत म्हणाला,

"मीच. सून बाळंतीण हाय घरात. बार काढला की पोर दचकून रडतंय. म्हनलं, पाखरं हाकायला एवढा आवाज कशाला? पकडीनं गोळ्या उपसल्या, थोडी थोडी दारू सांडली, परत बसवल्या. पयला बार फुसका निघाला, म्हनून दुसरा वढला." मग माझा हात धरून म्हणाला, "फौजदारसाहेब, हे लिहू नका. पंचक्रोशी हसंल मला."

मी लिहिलं नाही. त्याने मला काही दिलं नाही, मी मागितलंही नाही. गुन्हा नोंदवून झाला होता, पंचांच्या सह्या झाल्या होत्या, वरिष्ठांची शाबासकी मिळाली होती. हे सगळं मागे घ्यायला लागणारं धैर्य माझ्यात नव्हतं. एक गोळी पाकिटात सीलबंद केली. दुसरी कादवेच्या पुलावरून पाण्यात टाकली. उरलेली काडतुसं मुद्देमालात दाखवलीच नाहीत. तज्ज्ञांचा अहवाल आला, 'अतिरिक्त दाबाने नळी फुटली.' तो खोटा नव्हता. दाब का वाढला, हे सांगणारी वस्तू मी त्यांना पाठवलीच नव्हती.

कोर्टात मिस्तरीने तेच वाक्य म्हटलं. भरली हे कबूल, जास्त भरली हे कबूल नाही. त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. तिसऱ्या वर्षी तो तुरुंगातच वारला. मला बक्षीस मिळालं.

या गुन्ह्याने मला काय शिकवलं? आरोपीला आपण कबुलीसाठी प्रश्न विचारतो, माहितीसाठी नाही. त्या खोलीत पिस्तूल कळणारा माणूस एकच होता आणि आम्ही त्यालाच मारत होतो. हे मला त्याच दिवशी कळलं होतं. कळूनही मी पुढे वीस वर्षं नोकरी केली, म्हणून 'शिकलो' म्हणायला जीभ रेटत नाही.

गेल्या वर्षी मिस्तरीच्या मुलीचा पत्ता काढला. ती शिक्षिका होती, आता निवृत्त आहे. नाशिकला एका कॉलनीत राहते. तिने पाणी दिलं, बसवलं. मी सगळं सांगितलं.

शेवटी म्हणाली, "बाबांनी दारू जास्त भरली नव्हती, हे आम्हाला माहीत होतं. आईला माहीत होतं, वस्तीला माहीत होतं. तुम्ही आम्हाला कशाला सांगताय?"

मी म्हणालो, "बाई, माफी मागायला आलो."

"माफी राहू द्या. नोकरीच्या माझ्या पहिल्या शाळेत हेडमास्तरांनी मला सगळ्यांदेखत विचारलं होतं, दारू जास्त भरणाऱ्या मिस्तरीची मुलगी का तुम्ही? तसे लोक अजून आहेत. त्यांना सांगा. लिहून सांगा."

म्हणून लिहिलं. मिस्तरीने दारू बरोबर भरली होती.