बबिता कंडक्टर बसली, त्याची गोष्ट

बबिताची अन् माझी ओळख भांडणातून झाली, अन् भांडण रुमालावरून झालं.

मी विजयमाला. राहते बाभुळगावले, अन् यवतमाळच्या एका कापडाच्या दुकानात साड्या दाखवते. घरी वावर आहे, कापूस-तूर आहे, पण थो कारभार माझ्या नवऱ्याचा, वामनरावचा. मी दिवसभर दुकानात उभी. गिऱ्हाईक येते, अख्खा गठ्ठा उलगडायले लावते अन् म्हणते, पाहून येतो. अशा दिवसानंतर संध्याकाळच्या एसटीत बसायले भेटलं नाई तर माझं डोस्कं फिरते. म्हणून गाडी फलाटाले लागत नाई तोच मी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत जाय. आपल्या इकडं सीटवर टाकलेला रुमाल म्हणजे सातबाराच. त्याच्यावर कोणी हक्क सांगत नाई.

त्या दिवशी वर चढून पाहते तर माझ्या जागेवर एक बुढी बसलेली, अन् माझा रुमाल नव्या कंडक्टरबाईच्या हातात.

"कोणाचा हा?" तिनं विचारलं.

"माझा. अन् जागाही माझी."

"माणूस बसते त्याची जागा," ती म्हणे. "रुमालाची नाई."

मंग मी तिले जे बोलली ते कागदावर लिहिण्यासारखं नाई. तिनं सारं ऐकून घेतलं, रुमालाची नीट घडी केली, माझ्या हातात देल्ली अन् दाराजवळच्या सीटकडं बोट दाखवलं. "अठी बसा." मी बसली अन् बाभुळगाव येईपर्यंत फुगून राहिली. उतरताना ध्यानात आलं का बाईनं आपली कंडक्टरची सीट मले देल्ली होती अन् सारा रस्ता दांडीले धरून उभी होती.

तेव्हापासून मी पाहून राह्यली, ही बाई बसतच नाई. त्या सीटवर आज एखादी पोटुशी, उद्या कोणी लंगडणारा बुढा, परवा झोपेनं डुलणारी कालेजातली पोरगी. घरी गेली तरी तेच. साऱ्यायले वाढते अन् आपण ओट्याजवळ उभ्या-उभ्या दोन घास खाते. तिच्या नवऱ्यानं, धर्मपालभाऊनं, हौसेनं तिच्यासाठी आरामखुर्ची आणली. तिच्यावर धुतलेले कपडे पडले असतात. बबिता मूळची आर्णीची. बाप गवंडी होता. पोरीले दहावी करवली अन् म्हटलं, लोकायची घरं मी लय बांधली, तू मात्र घरात बसू नोको. पोरीनं ते इतकं मनावर घेतलं का ती कुठीच बसेना.

पायाच्या पोटऱ्यायवर निळ्या शिरा फुगून आल्या, तवा डॉक्टर म्हणे, बाई, आता तरी बसत जा, नाई तर पाय जवाब देईन. ही म्हणे, रिटायर झाली का बसीन. हे ऐकलं का माझी तळपायाची आग मस्तकाले जाते. बसायची सवय काय रिटायरमेंटच्या दिवशी हारासंग गळ्यात घालतात?

आमची चौघींची टोळी त्या संध्याकाळच्या गाडीतच जमली. बबिता, मी, भाजी विकून परतणारी शकुबाई अन् दवाखान्यात नर्स असलेली निकिता. एक दिवस निकितानं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. केरळातलं अलेप्पी. जुनं व्यापाराचं शहर, दोन-अडीचशे वर्षांमागं माल न्यायले तिथी कालवे खोदले होते. आपल्या गल्लीतून सायकली जातात तशा लोकायच्या दारासमोरून लाकडी नावा जात होत्या. बबिता दांडीले धरून वाकली.

"याच्यात कंडक्टर नसते?"

"नाही," निकिता म्हणे. "वल्हवणारा असतो अन् बसणारे असतात."

"मंग मी याच्यात गेली तर काय करीन?"

"बसशीन," म्हटलं. "दुसरं काय करशीन?"

पुढच्या थांब्यावर तिची घंटी मारायची राहून गेली. मागून माणूस ओरडला तेव्हा तिनं दोरी ओढली. उतरताना तिनं माझा हात धरला. "विजयमाला, मले एक डाव त्या नावेत बसायचं आहे. नुस्तं बसायचं. काठ येईपर्यंत कोणी मले उठवलं नाई पाहिजे."

इतक्या वर्षांत तिनं स्वतःसाठी काही मागतलं ते हेच. मी त्याच रात्री ठरवलं का हे झालंच पाहिजे.

पौषात लग्नं नसतात, दुकान सुनं असते, म्हणून पौष धरला. वर्ध्याहून रेल्वे, पुढं एर्नाकुलम, तिथून अलेप्पी, हे निकितानं काढलं. तिनं आधी सरकारी बोट सांगतली, स्वस्त अन् शेकडो माणसायची. बबितानं साफ नाई म्हटलं. "तिच्यात तिकीट फाडणारा असते. मी सारा वेळ त्याच्याच हाताकडं पाहीन." मंग हातानं वल्हवायची जुन्या पद्धतीची नाव ठरली. पाच जण बसतात, जास्त नाई. आमी चौघी, अन् एक जागा उरत होती. ती बबितानं तिच्या सासूले, इंदूबाईले, देऊन टाकली. त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. इंदूबाई झ्याक बुढी आहे.

आमच्या भावकीत कुजबूज झाली. बौद्धाच्या घरच्या बायांसंग आठ दिवस, एका डब्यात जेवणार म्हणतात. "जेवणार ना," म्हटलं. "इंदूबाईच्या हातची जवसाची चटणी तुमी खाल्ली असती तर तुमीही आले असते." वामनराव म्हणे, येताना मलेही आण थोडी.

जायच्या आधीच्या रविवारी बबिताच्या अंगणात आमी नाव आखली. कल्पना इंदूबाईची. म्हणे, बसून तर पाहू, मावतो का नाई. तिनं काठीच्या टोकानं मातीत लांबोळकी रेघ मारली, दोन्ही टोकं निमुळती. शकुबाई मधात बसली, तिचा पसारा मोठा. मागं निकिता अन् मी. इंदूबाई पुढून दुसरी. सगळ्यात पुढची जागा बबिताची.

अन् बबिता रेघेच्या बाहेर उभी. बोटानं आमाले मोजून राह्यली. "शकुबाई, जरा सरका. अजून एक येते अठी."

"अजून कोण येते?" मी विचारलं. "तू ये."

"माझं काय, मी राहीन उभी."

"नावेत उभं राहता येत नाही," निकिता म्हणे. "नाव उलटते. साऱ्या पाण्यात."

हे बबितानं इचारातच घेतलं नव्हतं. ती रेघ ओलांडून आली, पुढं बसली, मांडी घातली. तेवढ्यात आतून कुकरची शिटी झाली अन् बाई उठून पळाली. आमी चौघी मातीच्या नावेत पुढची जागा रिकामी ठेवून बसलेल्या. तवाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

अन् झालंही तसंच. वर्ध्याच्या फलाटावर पोहोचतो तर इंदूबाईची बहीण रुखमाबाई मुकुटबनहून थैली घेऊन हजर. तिचं तिकीट बबितानं गुपचूप काढलतं.

"अवं, जागा पाच," मी तिले बाजूले घेऊन म्हटलं. "आपण सहा झालो."

"तिनं फोनवर ऐकलं अन् रडली," बबिता म्हणे. "जन्मात वणीच्या पुढं गेली नाई. कसं नाई म्हणू? तिथी दुसरी नाव भेटून जाईन."

दुसरी नाव भेटली नाई. अलेप्पीले सकाळी उतरलो, लॉजची खोली दुपारी भेटणार होती म्हणून सामानासकट कालव्यावर गेलो. पायऱ्यायजवळ आमची एकच नाव, बाकीच्या साऱ्या एका मोठ्या टोळीनं नेलेल्या. नावाडी लुंगीतला पिकल्या मिशीचा माणूस. त्यानं आमाले पाहून पंजा दाखवला. पाच. मी सहा बोटं दाखवून पाह्यली. त्यानं हात आडवा करून उलटा केला. नाव उलटते, हे समजायले भाषा लागली नाई.

पाणी हिरवं, शांत. दोन्हीकडं नारळ, जुनी कौलारू गोदामं, पायऱ्यायवर कपडे धुणाऱ्या बाया. बबितानं ते एकदा डोळे भरून पाह्यलं अन् मंग तिनं जे करायचं तेच केलं. रुखमाबाईचा हात धरून तिले नावेत उतरवलं, सासूले उतरवलं, शकुबाईले मधात बसवलं, निकिताले मागं धाडलं. माझ्याकडं वळली. "चाल, बस लवकर. मी सामान पाहते. मले उभं राहायची सवय आहे."

मले इतका राग आला का डोळ्यात पाणीच आलं. मी दुकान सोडून, भावकीले तोंड देऊन इतक्या दूर आली ते हिले अठीही उभी पाहायले? रुखमाबाई बिचारी घाबरून विचारून राह्यली, माझ्यानं झालं काय वं? म्हटलं, तुमच्यानं काही नाई झालं, बसा.

मी कमरेचा रुमाल काढला अन् नावेत फेकला. सगळ्यात पुढच्या फळीवर जाऊन पडला. इतक्या वर्षांची सवय, नेम चुकत नाई.

"जागा धरली," म्हटलं.

"कोणाची?"

"तुझी. माणूस बसते त्याची जागा म्हणते ना? मंग जाऊन बस. नाई बसत तर ती जागा रिकामी जाईन. मी तिच्यात पाय ठेवत नाई."

"अन् तू?"

"हजार साड्या सांभाळते मी. सहा थैल्या सांभाळता येत नाई का मले?"

ती तरी जागची हलेना. मंग नावेतून इंदूबाई बोलली, हळूच, काठी मांडीवर घेऊन. "बबिता. माझ्या घरात आली तेव्हापासून मी तुले बसलेली पाह्यली नाई. मराच्या आधी एक डाव पाहू दे."

बबितानं चपला काढल्या, हातात घेतल्या अन् उतरली. पुढच्या फळीवर बसली. नावाड्यानं बांबू टेकवला अन् नाव काठापासून सुटली.

मी थैल्यायजवळ उभी राहून पाहून राह्यली. वळणावर एका घराच्या पायरीवरच्या बाईनं हात केला, उगीच, पाव्हणे पाहून. अन् बबिताचा हात वर गेला. डोक्यावर घंटीची दोरी शोधून राह्यला. दोरी नव्हती. हात थोडा वेळ तसाच राहिला, मंग हळूच खाली आला अन् पाण्यात गेला. नाव वळून दिसेनाशी होईपर्यंत थो पाण्यातच होता. मी रडली, सांगायले लाज कायची. मागं चहावाला होता, त्यानं काही न विचारता मले चहा देल्ला.

नाव परत आली तेव्हा ऊन वर आलतं. निकिता उतरली, शकुबाई उतरली. दोघी बहिणी एकमेकीले धरून उतरल्या, रुखमाबाई नारळाच्या झाडायबद्दल बोलायची थांबेना. बबिता उतरली नाई. पाय लांब करून बसलेली, त्या निळ्या शिरायवर ऊन पडलेलं. मी हात पुढं केला.

"उतर."

"नाई," ती म्हणे. "मी याले बोटानं सांगतलं, अजून एक चक्कर."

तिच्या शेजारच्या जागेवर माझा रुमाल अंथरलेला होता. चारी कोपरे नीट सरळ करून.

"हे काय?" म्हटलं. "रुमालाची जागा नसते ना वं कंडक्टरबाई?"

"चाल, बस."

मी बसली. काठावर थैल्यायजवळ चौघी उभ्या होत्या. नाव निघाली, अन् बबितानं त्यायले मोजायले मागं वळून पाह्यलं नाई.