पारव्यांचा काठ

गल्लीत सगळे तिला काकूच म्हणत. दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा पारव्यांचा काठ विणणारी ती आता एकटीच उरली होती. हा काठ तिच्या सासरचा. लेकी परक्या घरी जातात म्हणून तो मुलग्यांनाच शिकवायचा, असा नियम. सुनेला तरी कोण शिकवणार? सुताच्या कांड्या भरता भरता, नवऱ्याच्या हातांकडे बघून ती शिकली. नवरा गेला, दीर गिरणीत नोकरीला लागले आणि मागावर काकू बसली.

साठी उलटली तशी नजर अधू झाली. त्याच सुमारास कापडाचे नमुने तयार करणारी एक मुलगी शहरातून आली.

"काकू, नक्षी कागदावर उतरवून घेऊ द्या."

"आधी मागावर बस. मग कागद."

पहिला महिना तुटलेले दोरे सांधण्यातच गेला. काकू विणताना पुटपुटायची, "दोन सोड, एक उचल." मुलगी ते चौकटीच्या वहीत टिपून घ्यायची. वहीवरून तिनं विणलेला पहिला पारवा बघून काकू म्हणाली, "हा बटाटा छान जमलाय. उसव आता!"

मग दोघींनी गल्लीतल्या बायकांना शिकायला बोलावलं. दीर तणतणत आले. "वहिनी, घरची विद्या चव्हाट्यावर मांडता?"

"भावोजी, तुमचा मुलगा ट्रक चालवतो. घरात शिकणार कोण?"

माग दिरांच्या खोलीत होता. "उद्यापासून खोलीला कुलूप," म्हणून ते निघून गेले.

काकूनं त्याच दुपारी माग सुटा केला. स्वतःची कॉट स्वयंपाकघरात सरकवून बाहेरच्या खोलीत जागा केली. मागाची जड तुळई काही तिला आणि मुलीला उचलेना. तेव्हा दिरांची सून पदर खोचून आली आणि तिनं तुळईला हात लावला. दुसऱ्या दिवशी शिकायला पहिली तीच हजर.

दीड वर्षात पाच माग चालू झाले. कापड शहरात जाऊ लागलं, प्रत्येक तुकड्यावर विणणारीचं नाव. काकूला आता नीट दिसत नाही. बोटं फिरवून चूक सांगते.

परवा दीर उंबऱ्यात येऊन उभे राहिले. सुनेचं विणकाम बराच वेळ न्याहाळून म्हणाले, "ठोका हलका पडतोय. कापड विरळ होईल."

"मग बसा आणि दाखवा," काकू म्हणाली.

सून बाजूला झाली. दिरांनी चपला काढल्या.