खुंटाचा नारळ

आमच्या संकुलाचं नाव इंग्रजीत आहे आणि त्यात 'रिव्हर'ही आहे. ठेवणाऱ्याने इथल्या खाडीकडे कधी वळून पाहिलं असेल, असं मला वाटत नाही. जुन्या माणसांसाठी हा मोरवा गावापुढचा उतारपाडा. पूल नव्हता तेव्हा इथून पलीकडे होडी जायची, ती जानूकाकांच्या घराण्याची. भरती चुकली की उतारू काठावर अडकायचा. त्याला काकांच्या ओटीवर जागा आणि पेज मिळायची. घराचा नियम एकच होता, काठावर अडलेल्याला नाव-गाव विचारायचं नाही. विचारलं तर होडी बुडते म्हणे.

असे अडकलेलेच काही जण राहून गेले. कोणी मिठागरात लागलं, कोणी झोपडं बांधलं, एकाने किराणा मांडला. झाला पाडा. पुढे जमिनीची मोजणी आली. जानूकाकांच्या आज्याने साहेबाला सांगितलं, आम्ही पाण्यावरची माणसं, आम्हाला माती कशाला? दैव देतं आणि कर्म नेतं, ते असं. किराणावाल्याने मात्र मुकाट आपलं नाव लावून घेतलं. त्याचाच पणतू उत्तम. लहानपणी तो काकांच्या होडीत बसून शाळेत गेला, मोठेपणी त्याने जमीन बिल्डरला दिली आणि आता सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. सोसायटीचा चेअरमनही तोच.

काकांच्या वाट्याला उरला तो होडी बांधायचा दगडी खुंट. तोही आमच्या आवारात, बागेच्या टोकाला. नारळी पौर्णिमेला दुपारच्या भरतीला काका मोरव्याहून येतात, खुंटाला नारळ टेकवतात आणि खाडीत सोडतात. वर्षातून एवढंच त्यांना हवं असतं. ऐंशीच्या पुढे गेलेला माणूस, आणखी काय मागणार?

यंदा गेटवर नवा वॉचमन होता. त्याने काकांना नाव आणि फ्लॅट नंबर विचारला. या काठावर नाव सांगून आत शिरायचं, हे त्यांच्याच्याने होईना. वॉचमनने उत्तमला फोन लावला. मी तिथेच उभा होतो. फोन मीच हातात घेतला आणि सांगितलं की अरे, जानूकाका आहेत, सोडायला सांग. तो म्हणाला, नियम सगळ्यांना सारखा, नाव सांगून एंट्री करू देत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण चेअरमनपुढे भाडेकरूचं काय चालणार?

मी काकांना म्हटलं, चला, माझ्याकडे पाहुणे आलात असं सांगतो.

काकांनी नारळ दुसऱ्या हातात घेतला.

"मी पावना हाय काय रं इथला?" ते म्हणाले. "या उत्तमच्या पणज्याला आमी नाव इचारलं न्हाय."

गेटच्या जाळीतून खाडी दिसते. पाणी उतरायला लागेपर्यंत काका तिथेच उभे राहिले. मग नारळ गेटच्या खांबाशी ठेवला आणि मोरव्याच्या रस्त्याला लागले.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर नारळाचा फोटो आला. गेटवर नारळ सापडला आहे, ज्याचा असेल त्याने नाव सांगून घेऊन जावा. मी लिहिलं, जानूकाकांचा.

उत्तमने खाली विचारलं, "फ्लॅट नंबर?"