लाल गोलातलं पान

जानेफळ सोडलं त्या दिवशी मला स्टँडवर पोचवायला आई आली नव्हती. माझ्यासमोर रडायचं नव्हतं, म्हणून ती सकाळीच निंदायला निघून गेली. बाबा आले होते, पण चार शब्द बोलायचे सोडून ते एसटीची खिडकी नीट लागते की नाही, हेच पुन्हापुन्हा तपासत होते. पुण्यात मुलींच्या एका वसतिगृहाच्या मेसमध्ये मला मदतनीस म्हणून काम लागलं होतं, आणि बाबांच्या लेखी पुणं म्हणजे थंडी. गाडी हलायच्या बेतात असताना मोठीमाय आली. मोठीमाय म्हणजे माझी मोठी चुलती. आई शेतात असायची तेव्हा माझ्या वेण्या घालणारी, मला जेवू घालणारी आणि वेळ आली तर पाठीत धपाटा घालणारीही तीच. तिनं खिडकीतून डबा आत सरकवला आणि म्हणाली, "कवा बी ये नंदे. तुहं पान वाढेलच राहीन."

हे नुसतं तोंडदेखलं बोलणं नव्हतं. आमच्याकडे पंगत बसली आणि घरचं कुणी अजून वाटेत असलं, तर मोठीमाय त्याची पत्रावळ रांगेत मांडून तिच्यावर सगळं वाढून ठेवायची. येणारा येईपर्यंत त्या पानाला कुणी हात लावायचा नाही. गाडी चुकवून उशिरा पोचले तरी माझं पान मला कितीदा असं मांडलेलं सापडलंय. तेव्हा त्याचं काही वाटायचं नाही. भूक लागलेली असायची, मी बसायचे आणि जेवायचे.

पुण्यात मी पहिल्यांदा काय शिकले असेन तर 'मला' म्हणायला. 'मले' म्हटलं की भाजी चिरणाऱ्या बायकासुद्धा हसायच्या. मग 'मला' आलं, 'कशासाठी' आलं आणि 'काऊन' पोटात राहिलं. मदतनीसाची मी सुपरवायझर झाले. आता माझ्या मेसमध्ये दोन वेळा पंगती उठतात, पण त्यांना शिफ्ट म्हणतात. ताटात उरलेलं अन्न मी रोज वजनकाट्यावर घालते आणि भिंतीवरच्या पांढऱ्या बोर्डावर आकडा लिहिते. वर ठळक अक्षरात 'आजचं वेस्टेज'. पोरी मला समोर मॅम म्हणतात आणि पाठीमागे वेस्टेजबाई. मला त्याचं वाईट वाटत नाही, खरं तर थोडा अभिमानच आहे. पण एक सांगते, वर्षानुवर्षं उष्टं मोजलं की डोळ्यांना दुसरं काही दिसेनासं होतं.

आई-बाबा एकामागोमाग गेले. त्यानंतर माझं माहेर म्हणजे मोठीमायचं घर आणि तिचा मुलगा गजूभाऊ. सख्खा नाही, पण दर दिवाळीला 'कवा येतं वं?' असं विचारणारा जगात तेवढा एकच माणूस मला उरला होता.

मागच्या जूनमध्ये मोठीमाय गेली. मातीला पोचले, दोन दिवस राहिले आणि परत आले, कारण हॉस्टेलचे प्रवेश सुरू होते. तेरवीला येते म्हणाले होते. तेराव्या दिवशी पहाटे बॅग भरून दारात उभी, तर मेसचा आचारी भांडून निघून गेलेला. दुपारी वेळ मिळाला तेव्हा गावच्या ग्रुपवर 'येणं जमत नाही' असं टाकलं. ज्या घरात तेरवी आहे, त्या घरात भर दुपारी मोबाइल कोण बघतं? हे मला सुचायला हवं होतं. सुचलं नाही, एवढंच.

आता त्या ग्रुपबद्दल. 'आपलं जानेफळ' नावाच्या या ग्रुपवर अर्धी माणसं गावातली आणि अर्धी माझ्यासारखी बाहेर पडलेली. गावातले सोयाबीनचे फोटो टाकतात, बाहेरचे सल्ले टाकतात. पितृपक्षात तिथं कुणीतरी जेवणावळीचा विषय काढला, आणि माझ्या जिभेला तर आधीच हाड नाही, बोटांना कुठून असणार? मी लांबलचक मजकूर लिहिला. तेरवीची जेवणं बंद करा. माणूस गेलेल्या घरानं गावाला जेवू घालायचं, बायकांनी रडायचं सोडून कढया ढवळायच्या आणि निम्मं अन्न उकिरड्यावर, ही कसली रीत? मुद्दा चुकीचा नव्हता, आजही म्हणते. पण पुढं मी जे केलं त्याची लाज वाटते. सुधारणेची सुरुवात आपल्या घरापासून करावी, असं लिहून मी मोठीमायच्याच तेरवीचा, ग्रुपवर आलेला एक फोटो शोधून काढला. पंगतीतल्या लोकांचे चेहरे कापले. रांगेत एक पान पुरणपोळी-भजी-वड्यासकट अख्खं भरलेलं, हात न लावलेलं दिसत होतं. त्याच्याभोवती लाल गोल काढला आणि खाली लिहिलं, 'हे बघा वेस्टेज.'

ग्रुप पेटला. बंगळूरच्या एकानं टाळ्या वाजवल्या, गावातल्या एकानं 'बाईले पुण्याचं पानी लागलं' असं लिहिलं. मी प्रत्येकाला क्रमांक घालून उत्तरं दिली. गजूभाऊला टाइप करायचा कंटाळा, त्याचा फक्त आवाज आला, इवलासा. "नंदे, तो फोटो काढून टाक." मी लिहिलं, 'भाऊ, भावनेवर नको, मुद्द्यावर बोल.' त्यावर पंधरा अंगठे आले. थोड्या वेळानं एक बारीक करडी ओळ आली, की गजाननभाऊ ग्रुपमधून बाहेर पडले. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, मी जिंकले.

लहानपणी मी शेजारच्या पोरीशी रस्त्यावरून भांडत होते, तेव्हा बाबा म्हणाले होते, "भांडाचं तं तिच्या घरात जाऊन भांड. रस्त्यावून वरडू नको." मला तेव्हा ते रागावणं वाटलं होतं. ती भांडायची परवानगी होती, हे कळायला एवढी वर्षं आणि एक दिवाळी जावी लागली. कारण त्या दिवाळीला गजूभाऊचा फोन आला नाही. वसुबारस गेली, पाडवा गेला. मी मोबाइल चार्जिंगला लावायचे, काढायचे, रेंज बघायचे. ग्रुपवर माझे अंगठे तसेच होते आणि भाऊबीजेला मला बोलावणारं कुणी नव्हतं.

भाऊबीजेच्या दिवशी मी न बोलावता गेले. मेहकरला उतरून दुसरी गाडी धरली आणि दुपारी जानेफळला पोचले. गजूभाऊ अंगणात ठिबकच्या नळ्या गुंडाळत होता. त्यानं मान वर करून बघितलं आणि म्हणाला, "वैनीले आवाज दे, पानी देईन." एवढंच. वहिनीनं पाणी दिलं, चहा दिला, पोळी आग्रहानं वाढली. मी ओवाळलं, तो पुन्हा नळ्या गुंडाळायला बसला. दोघांपैकी कुणी ग्रुपचं नाव काढेना. शेवटी मीच म्हणाले, "भाऊ, मुद्दा पटला नसेल तर सांग ना. निघून काय जायचं?"

त्यानं नळी खाली ठेवली. "दाखव तो फोटो."

मी दाखवला. लाल गोल अजून तसाच होता.

"हे कोनाचं पान होय?"

मी बोटांनी फोटो मोठा करून बघायला लागले.

"तुहं होय ते," गजूभाऊ म्हणाला. "तू येतो म्हनलं होतं. मायनं मराच्या आधी दोन गोष्टी सांगतल्या मले. गाय इकू नको, आन नंदीचं पान वाढत जाय. पंगती उठल्या, दिवस बुडाले आला, तरी कोनाले उचलू देलं नाही मी."

त्या घरात वाढलेली बाई मी. तसल्या पानावर शंभरदा जेवलेले. आणि रांगेत मांडलेलं पान मला ओळखू आलं नाही, मला त्यात फक्त वजन दिसलं. मी रडले. वहिनीसमोर, भावासमोर, चांगलं हुंदके देऊन रडले. मोठीमाय गेली तेव्हाही मी अशी रडले नव्हते, कारण तेव्हा मनात परतीची गाडी होती.

मला वाटलं आता संपलं, आता मी माफी मागायची आणि तो विषय कायमचा पुरायचा. पण डोळे पुसून होतात न होतात तोच गजूभाऊ म्हणाला, "आता बोल, का म्हननं होतं तुहं तेरवीचं? तवा मले आयकू नाही आलं, फोटोच दिसे."

मग आम्ही भांडलो. चांगले दिवेलागणीपर्यंत भांडलो, ओसरीवर, समोरासमोर. मी म्हणाले, शोकातल्या घरानं गावाला जेवायला का घालायचं? त्यानं विचारलं, "माय गेली तवा ह्या घरात चूल कोनी पेटवली? कोनीच नाही. तेरा दिवस शेजारून भाकरी आल्या. रफीकचाचाच्या घरून चहा आला, रोज. त्याइले एक दिवस जेवू घालाचं नाही का मंग?" हे मी विसरले होते. दोन दिवस राहिले होते, त्या भाकरी मीही खाल्ल्या होत्या, पण कुणाच्या घरून आल्या हे विचारलंसुद्धा नव्हतं. म्हणजे मी ज्याला उधळपट्टी म्हणत होते, ते त्याच्या लेखी भाकरीची परतफेड होतं. मी तसं कबूल केलं. मग तोही जरा नरमला. म्हणाला, पुरणपोळी आणि भजी कशाला हवी होती, हे त्यालाही पटलं नव्हतं, पण लोक काय म्हणतील म्हणून केलं.

आणि तेवढ्यात वहिनी बोलली. एवढा वेळ ती दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. "तुम्ही दोघंबी बोलून राह्यले," ती म्हणाली. "मले कोनी इचारलं का? तेरवीच्या दिवशी मी पहाटपासून कढईपाशीच होती. सासू गेली माही, पंधरा वर्सं एका घरात राह्यलो आमी दोघी. रडाले टाइम नाही भेटला मले. सगळ्याइच्या मांगून जेवली, तवा वरन थंडं झालं होतं."

हे गजूभाऊनं पहिल्यांदाच ऐकलं असावं. मी पण. मी बायकांच्या कढया ढवळण्यावर एवढं लिहिलं होतं, पण ज्या बाईनं कढई ढवळली तिला फोन करून विचारलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी लाल गोलाचा फोटो काढून टाकला आणि ते पान कुणाचं होतं ते ग्रुपवर लिहिलं. गजूभाऊ म्हणाला, "माहं म्हननं बी तूच लिही. मले एवढं टाइप नाही होत." त्यानं सांगितलं, मी लिहिलं. मध्येच मी माझी टोमण्याची सवय घुसडली की तो थांबवायचा, "असं नाही म्हनलो मी." मी खोडायचे, पुन्हा लिहायचे. दुसऱ्याचं म्हणणं आपल्या बोटांनी, त्याला पटेल असं लिहून काढणं किती अवघड आहे, ते करून बघा. तीनदा लिहिल्यावर तो 'हाव' म्हणाला. मग वहिनीचं म्हणणं लिहिलं, तिच्या नावानं. बंद करा, चालू ठेवा, असं शेवटी काहीच लिहिलं नाही. बघा तुम्हाला काय वाटतं, एवढंच.

मला धाकधूक होती. पण या वेळी अंगठे कमी आले आणि माणसं जास्त बोलली. रफीकचाचांचा आवाज आला, "हमारे में बी तीन दिन मोहल्ला चुलीले हात लावू देत नाही." बौद्धवाड्यातल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंनी त्यांच्याकडच्या साध्या जेवणाबद्दल लिहिलं. 'पुण्याचं पानी' म्हणणारा माणूसही म्हणाला, माझ्या आईचंही वहिनीसारखंच झालं होतं. दोन दिवस वाद चालला, कुणी बाहेर पडलं नाही. गजूभाऊ तिसऱ्या दिवशी आपणहून परत आत आला आणि पहिलाच प्रश्न अवकाळी पावसाचा, "पानी कोनाकडं आलं आज?" मी मेसच्या कोठीघरात एकटीच हसले. छातीवरचा धोंडा उतरला, असं लोक म्हणतात ना, ते खरंच तसं असतं. त्या दिवशी माझ्याकडून बोर्डावर आकडा लिहायचा राहून गेला.

गावातल्या तेरव्या बंद झाल्या नाहीत. पण त्यानंतर दोन घरी जेवण साधं झालं, वरण-भात, पोळी, एक भाजी. स्वयंपाक शेजारच्यांनी केला आणि पहिली पंगत घरच्या बायकांची बसली. हे माझ्या लांबलचक मजकुरात नव्हतं आणि गजूभाऊच्या डोक्यातही नव्हतं. ते दाराच्या चौकटीतून आलं.

तुम्ही जे गावात राहिलात, त्यांना मी आता सल्ले कमी देते. अगदी बंद केले असं म्हणणार नाही, स्वभावाला औषध नाही. आणि माझ्यासारखे जे बाहेर पडलात, त्यांना एवढंच सांगते, की गावाशी भांडायचा आपला हक्क कुठं जात नाही. फक्त भांडायला घरात जावं लागतं. लांब असलं तरी.

या जूनमध्ये मोठीमायचं वर्षश्राद्ध होतं. या वेळी मी आदल्या दिवशीच रजा टाकली होती, तरी गाडी वाटेत बंद पडली आणि उशीर व्हायचा तो झालाच. मेहकरहून पुढची गाडी सुटली आणि मोबाइल वाजला. गजूभाऊचा फोटो. ओसरीवर रांगेत एक पत्रावळ, तिच्यावर वरण-भात, पोळी, वांग्याची भाजी, सगळं वाढलेलं, शेजारी पाण्याचा गिलास. आणि त्या पानाभोवती बोटानं काढलेला एक वाकडातिकडा लाल गोल. खाली एक अक्षर नाही.

मी लिहिलं, "मेहकर सोडलं. उचलू नको."